मारांडीची जुडी

मेथी आणि चवळईच्या मधोमध मारांडीच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या. संघप्रिया दोन पावलं पुढे गेली आणि मागे वळली. दिवसभर डोळ्यांसमोर जे असतं ते संध्याकाळी भलत्याच ठिकाणी दिसू लागतं, हे तिला नवं नव्हतं. कधी बसच्या काचेवर, कधी आईच्या साडीवरच्या बुट्ट्यांत तिला पेशी दिसत. पण ही पानं खरी होती. लांबट, चकचकीत, कडेला काट्यांचे दात, आणि अंगावर मिठाची पुसट भुकटी. मारांडी खाडीचं खारं पाणी पिते आणि नको असलेलं मीठ पानांवर आणून टाकते. जुईनगर स्टेशनबाहेर, जिथं शिरवणे गावच्या बायका भाजी घेऊन बसतात, तिथं ती कित्येक वर्षं कामावरून परतताना थांबत आली होती. मारांडी कुणी विकायला आणलेली तिनं कधी पाहिली नव्हती. मारांडी कुणी खात नाही. गुरंसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत.

"ही कसली भाजी?" तिनं विचारलं आणि स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटला.

"भाजी नाय, औषद हाय," विकणारी म्हणाली. नाकात चमकी, डोक्यावर पदर, हात भरभर जुड्या सारखे करणारे. शेजारणी तिला चंदा म्हणत होत्या. "कॅन्सरवर. पानी उकलून प्यायाचा, सकाली. ती तुर्भ्याची मॅडम हाय ना, तिनी शोधून काडलाय. पेपरला आलता."

तुर्भ्याची मॅडम पाकिटाची चेन धरून उभी होती. पेपरातल्या फोटोत तिनं पांढरा कोट घातला होता, केस टोपीत होते, हातात मारांडीची डहाळी होती, आणि फोटोग्राफरनं हसा म्हटल्यावर ती हसली होती. आता केस सुटलेले, खांद्याला डब्याची पिशवी. चंदानं तिला ओळखायचं काही कारणच नव्हतं. मागून एक बाई वाकून जुडी उचलू लागली तशी संघप्रिया घाईनं म्हणाली, सगळ्या द्या. त्या बाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, होती ती कीव. घरात केवढं मोठं दुखणं असेल हिच्या, अशी. संघप्रिया जुड्या छातीशी धरून घाईघाईनं पूल चढली. काटे ब्लाउजमधून टोचत होते.

बातमी येऊन दीड-एक महिना झाला असेल. मजकूर तिला पाठ होता, म्हणजे मथळा पाठ होता: खाडीतल्या काटेरी झुडपात कर्करोगावर औषध. शेवटच्या परिच्छेदात तिचं वाक्य होतं, हे निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या पेशींपुरते आहेत, माणसांवर चाचण्या झालेल्या नाहीत. ते वाक्य वार्ताहरानं प्रामाणिकपणे छापलं होतं, पण पानाच्या तळाशी, जिथं आईनं कात्री चालवली तेव्हा ते कापलंच गेलं. कात्रण आता घरी तथागतांच्या फोटोशेजारी चिकटवलेलं होतं आणि त्यात फक्त औषध होतं. आईला दोष देण्यात अर्थ नव्हता. तुर्भे स्टोअरच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत वाढलेली आपली पोर पेपरात आली, एवढंच तिला पुरेसं होतं. तळाचं वाक्य तिला कशाला हवं? आणि कात्री आईनंच चालवली असं तरी कसं म्हणावं. गावभरातल्या डोळ्यांनी तेवढाच भाग कापून टाकला असणार, कात्री न घेता.

घरी आल्यावर तिनं जुड्या मोरीत ठेवल्या. आईनं विचारलं हे काय, तेव्हा कामासाठी आणलंय असं ती म्हणाली, आणि मग आंघोळीच्या बादलीशेजारी त्या हिरव्या ढिगाकडे बघत बसली. प्रयोगशाळेत मारांडी यायची ती सुकवून, दळून, पोत्यातून. मग अल्कोहोलमध्ये भिजायची, गाळली जायची, फिरत्या काचेच्या फुग्यातून तिचं अल्कोहोल उडवलं जायचं, आणि तळाशी राहायचा काळपट हिरवा चिकट थर, ज्याला ओल्या गवताचा आणि जुन्या औषधाच्या बाटलीचा मिळून एक वास असे. त्या थराचे भाग करायचे, भागांचे भाग करायचे, आणि एकेक थेंब पेशींवर टाकून वाट बघायची. त्या कर्करोगाच्या पेशी मुळात परदेशातल्या एका बाईच्या छातीतल्या. ती बाई जाऊन किती वर्षं लोटली, पेशी मात्र जगभरच्या डब्यांमध्ये वाढत होत्या. संघप्रिया दर दोन दिवसांनी त्यांना अन्न घाली, उबेत ठेवी, आणि त्या नीट वाढल्या नाहीत तर तिला काळजी वाटे. मारण्यासाठी आधी जगवायच्या. ज्या दुपारी तिसऱ्या भागानं त्या मेल्या, ती दुपार तिला अजून स्वच्छ आठवत होती. जिवंत पेशी तळाला हात-पाय पसरून चिकटलेल्या असतात. मरताना आक्रसतात, गोल होतात, तळापासून सुटतात आणि तरंगू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे चमकते गोळे तरंगत होते, पाण्यात पडलेल्या साबुदाण्यासारखे. शेजारच्या टेबलावर तिचा मदतनीस दिपेश सॅम्पलच्या बाटल्या लावत होता, त्याला हाक मारायचंही तिला सुचलं नव्हतं. मग कितीतरी वेळानं मनात तो दुसरा विचार आला, जो या धंद्यातल्या प्रत्येकाला येतो आणि जो कुणी मोठ्यानं बोलत नाही: डब्यातल्या पेशी कशानंही मरतात. मिठानं मरतात. फिनेलनं मरतात.

दुसऱ्या दिवशी ती जुड्या घेऊनच कामावर गेली. वाटेत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. मागे डोंगर फोडून उघडा पडलेला, आणि कारखान्यांच्या भिंतींच्या पायथ्याशी तो नाला, ज्याचा रंग आठवड्यागणिक बदलतो. नाल्याकडे बघताना तिला एकदम प्रश्न पडला की चंदा ही कापते कुठून. प्रयोगशाळेला मारांडी येते ती लांबून, स्वच्छ खाडीतून, वनखात्याची परवानगी काढून. ही कुठली? तिनं पानं धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून दिपेशकडे दिली आणि यात शिसं किती आहे बघ म्हणाली. दिपेश म्हणाला, हे आपल्या कामात बसत नाही मॅडम. ती म्हणाली, बसव. आकडा आला तेव्हा दिपेशनं मशीन पुन्हा लावून पाहिलं, आणि पुन्हा तोच आकडा आल्यावर कागद तिच्यापुढे उलटा ठेवून तो चहाला निघून गेला.

अरविंद सर म्हणजे तिचे संचालक. वाईट माणूस नव्हे. तिला शिकवलं त्यांनी, मराठवाड्यातून आलेल्या कामगाराची मुलगी म्हणून कधी कमी लेखलं नाही, उलट परिषदांमध्ये पुढे ढकललं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की कर्करोग बरा होतो असं आपण कुठंही म्हटलेलं नाही, शेवटचा परिच्छेद वाच. लोक हळदही खातात, गोमूत्रही पितात, आपण कुणाकुणाच्या मागे धावणार? खुलासा काढला तर तोही अर्धाच वाचला जाईल, आणि पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव वर गेलेला असताना, आपल्याच वनस्पतीत विष सापडलं असा मथळा परवडणार नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हेच तिला टोचत राहिलं. तिनं वार्ताहराला मात्र स्वतःहून फोन लावला. त्यानं उचलला नाही. तिनं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरादाखल त्याचा उंचावलेला अंगठा आला.

त्या संध्याकाळी ती स्टेशनबाहेर गेली तेव्हा मारांडीचा ढीग दुप्पट झाला होता. चंदानं तिला लांबूनच हात केला. तुमी घेताव म्हनून जास्ती आनला, ती म्हणाली. संघप्रिया उकिडवी बसली. तिला एकदम हसू आल्यासारखं झालं आणि ते हसू नव्हतं. सगळं विकत घेऊन ती हे थांबवायला निघाली होती. एका संध्याकाळी एका बाईनं सगळा माल उचलला, ही बातमी आता सगळ्या शिरवण्यात गेली असणार. पलीकडे बसलेल्या दोघींपुढेही आता काटेरी पानं दिसत होती. कुठून आणता, तिनं विचारलं. चंदानं हातानं तुर्भ्याच्या दिशेनं दाखवलं: नाल्याच्या तोंडाशी, तिथं लय दाट हाय. मग संघप्रियानं सांगून टाकलं. पेपरातली ती मॅडम म्हणजे मी, ती म्हणाली. हे औषध नाही. आणि तुम्ही जिथून आणता तिथल्या पानांत शिसं आहे, पोटात गेलं तर अपाय होईल. तिनं हळू आवाजात, साध्या शब्दांत सांगितलं, सोसायटीत मुलांना शिकवताना सांगते तसं.

चंदानं तिच्याकडे नीट पाहिलं, चेहरा जुळवून बघितला. तिला पटलं असावं, कारण तिच्या हातांची हालचाल थांबली.

"मंग तुमीच शोधलाव आन् तुमीच नको बोलताव?"

चंदानं उगाच वाद घातला नाही. तिनं जुड्या गोळा करून मागच्या गोणीत कोंबल्या आणि म्हणाली, मी नाय विकनार, माज्या हातून कोनाला कशाला अपाय. पन बाकीच्यांना मी सांगून ऐकतील का, ते माहीत नाय. गोणी बांधताना, सहज आठवल्यासारखं, तिनं आणखी एक सांगितलं. एक जण येतो उलव्याहून, शिवराम नावाचा, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. बायकोसाठी नेतो, आधी त्याच्यापुरतीच ती आणायची. "तिचा हास्पिटल बंद केलान त्यानी. यानीच बरा वाटतंय बोलतो. उद्या येल तो."

हॉस्पिटल बंद केलं. संघप्रियाला घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते कळलं नाही. सोसायटीच्या फाटकाशी आल्यावर तिला आठवलं की ती नेहमीच्या गल्लीतून आलीच नाही. तोवर भीती होती ती पातळ होती, सगळीकडे पसरलेली, कुणाच्याही पोटात न शिरलेली. आता तिला नाव आलं, आणि उलवे हे गाव आलं. आईनं ताटं घेतली. संघप्रिया भात चिवडत बसली. आईनं दोनदा काय झालं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, सगळं नाही, की एका बाईनं डॉक्टरची औषधं सोडून भलतंच काही सुरू केलंय. आईनं तिच्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, अंकुशच्या वेळी आपणही केलं होतंच की.

अंकुश म्हणजे संघप्रियाचा धाकटा भाऊ. तो बालवाडीत असताना त्याला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी. आई त्याला गावाकडे घेऊन गेली होती आणि एका म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर काड्यांची माळ बांधली होती. कावीळ उतरेल तशी माळ लांब होत जाईल, डोक्यावरून गळ्यात येईल, गळ्यातून पोटावर, असं त्यानं सांगितलं, आणि खरोखर तसंच झालं. कॉलेजात गेल्यावर संघप्रियानं आईला समजावलं होतं, तरुण वयातल्या शहाणपणानं, जरा चढ्या आवाजात: ती कावीळ आपोआपच बरी होते, काड्या ओल्या असताना ओवतात, वाळल्या की बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, कावीळ असो वा नसो, ती लांबणारच. आईनं भांडी घासता घासता ऐकून घेतलं होतं. असेल, ती म्हणाली होती, पण त्या माळेकडं बघून मी चार घास जेवले होते. तेव्हा ते वाक्य संघप्रियाला अडाणीपणाचं वाटलं होतं. पुढे याच विषयात शिकताना, संशोधन करताना, झाडपाल्यावर पोट भरताना ते मधूनच वर यायचं, आणि तिला कळायचं नाही की आपण त्या माळेविरुद्ध काम करतोय की त्या माळेसाठी. अंकुश आता पुण्यात असतो, गाडी चालवत ऑफिसला जातो, त्याला काही आठवत नाही. पण अंकुशची कावीळ उतरणारच होती. या बाईची गाठ आपोआप उतरणारी नव्हती. फरक एवढाच होता, आणि तो आईला कसा सांगायचा हे तिला सुचेना.

शिवराम आला तेव्हा ती चंदाच्या शेजारी रिकाम्या क्रेटवर बसली होती. बुटका, रुंद खांद्यांचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. हातांना डिझेलचा वास. चंदा म्हणाली, आता नाय ती भाजी, या मॅडमला विचार. त्यानं संघप्रियाकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला, फोनमधल्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला तिथून पळून जावंसं वाटलं. तो वाकला; पायाला हात लावतो की काय म्हणून ती झटकन उठून उभी राहिली. तो भरभरून बोलत होता. बायको सुंदराबाई, छातीत गाठ, खारघरच्या कॅन्सर हॉस्पिटलात औषधं चालू होती, सलाईनमधून. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोट उतरेना. मग पेपर वाचला. तेव्हापासून हेच. आता जेवते, उठून बसते, परवा तर भाकरी थापली तिनं.

ती औषधं थांबली म्हणून तोंड बरं झालं, म्हणून जेवतात, संघप्रिया म्हणाली. तिनं शक्य तितकं सावकाश सांगितलं. हे फक्त डब्यातल्या पेशींवर पाहिलंय. डब्यात तर फिनेलनंही पेशी मरतात, म्हणून फिनेल पितो का आपण? उपचार लगेच सुरू करा. माझ्यामुळे थांबवले असतील तर माझं ऐकूनच सुरू करा.

शिवराम ऐकत राहिला. त्याचा चेहरा मावळला नाही. उलट त्यावर हळूहळू एक समजूतदारपणा आला, आणि तिला त्याचा अर्थ कळेपर्यंत तो दोन पावलं जवळ आला होता.

"वरून दाबलंय का तुम्हाला?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "कंपन्यांचं नुकसान होतं, मला समजतं मॅडम. तुम्ही घाबरू नका. आम्ही कुठं तुमचं नाव घेणार नाही."

ती जितकं नाही म्हणेल तितकं ते हो होत जाणार होतं. त्याच्या डोळ्यांत तिच्याबद्दल काळजी होती, खरीखुरी. अरविंद सरांना तिनं जे सांगितलं, वार्ताहराला जे लिहिलं, ते सगळं तिच्या मनात गोळा झालं आणि तिला वाटलं, कोण जाणे, याचं अगदीच चुकतंय असंही नाही. काहीतरी दाबलं गेलंच आहे, फक्त तो म्हणतो ते नाही. शिवरामनं घराचा पत्ता सांगितला. एकदा येऊन तिला बघा, तुम्हाला बघून तिला धीर येईल, तो म्हणाला. बाजूच्या बाईकडून एक जुडी घेऊन तो गर्दीत गेला आणि चंदा नुसती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. उलव्याला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. काय बोलायचं याची तिनं वाक्यं तयार केली होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिवरामचा तो समजूतदार चेहरा येऊन उभा राहत होता. खाडी ओलांडताना खाली चिखलात तिवरांची हिरवी गर्दी दिसली. तिवरांच्या पायाशी मारांडी असणारच. पुढे नवे उंच टॉवर, मध्येच उघडं माळरान, रस्त्याकडेला एकामागोमाग उभे ट्रेलर. या बाईनं आपल्याला हाकलून दिलं तर बरं, असंही तिला वाटून गेलं. किंवा ही बाई घरीच नसेल. किंवा गाठ खरोखरच कमी झाली असेल, असा विचार आला तेव्हा ती दचकली. कारण त्या विचारात आशा होती, आणि ती बाईसाठी नव्हती. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला आपल्या अर्काच्या तिसऱ्या भागासाठीच ते हवं होतं. तिनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं.

दार सुंदराबाईनंच उघडलं. शिवराम पहाटेच ट्रेलर घेऊन गेला होता. डोक्याला घट्ट बांधलेला सुती रुमाल, भुवया नसलेला गोल चेहरा, त्यामुळे तिला काय वाटतंय ते चटकन कळत नव्हतं. पाणी आणलं, खुर्ची पुढे केली, स्वतः पलंगाच्या कडेला बसली. ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात मारांडी उकळून ठेवलेली होती. वास ओळखीचा होता, फक्त त्यात अल्कोहोल नव्हतं. संघप्रियानं तयार केलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. सुंदराबाईनं मध्येच हात वर केला.

"यांनी सांगितलंय मला समदं. तुमाला बोलू देत न्हाईत म्हणून."

"तसं नाही. मला कुणी अडवलेलं नाही. मी खरं सांगतेय, हे औषध नाही."

"मला म्हाईत हाय," सुंदराबाई म्हणाली.

सुंदराबाई खिडकीबाहेर बघत थांबत थांबत बोलू लागली. त्या पाल्यापायी तिनं हॉस्पिटल सोडलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, गाठ बारीक झालीय, आता ऑपरेशन करू, छाती काढावी लागेल. त्या दिवशी ती घरी आली आणि तिनं मनाशी ठरवलं की आता जायचं नाही. पण नाही जायचं हे सांगायचं कुणाला? नवरा रडला असता, बहिणी आल्या असत्या, सगळ्यांनी मिळून नेलं असतं. तेवढ्यात पेपर आला. पेपरातच आलंय म्हटल्यावर कुणाला काही बोलता येईना. नवऱ्याला पाला आणायचं काम मिळालं, उकळायचं काम मिळालं. घरात पुन्हा कुणी तरी हसायला लागलं. "तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता.

संघप्रिया क्षमा मागायला आली होती. इथं तिला दुवा मिळत होता. तिला कळलं की शिवरामला जे सापडलं ते औषध होतं, आणि हिला जे सापडलं ते मागचं दार. ते दार तिच्याच नावानं उघडलं होतं. आईचे ते चार घास आठवले. या घरातही कुणीतरी त्या पातेल्याकडे बघून जेवत होतं. ते हिसकावून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असा प्रश्न तिच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर शोधत बसायला वेळ नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"असंच राहिलं तर तुम्ही मराल," ती म्हणाली. हे वाक्य तिनं तयार केलेलं नव्हतं. आपण असं बोलू शकतो हेही तिला माहीत नव्हतं.

सुंदराबाईनं उठून दार लोटलं, कडी घातली, पदर बाजूला घेतला आणि ब्लाउजची दोन बटणं काढली. तिनं संघप्रियाचा हात धरला आणि छातीच्या बाहेरच्या बाजूला, काखेच्या खाली, नेऊन ठेवला.

कातडी ऊबदार होती. आत, बोटांखाली, काहीतरी होतं जे तिथलं नव्हतं. कडक, खडबडीत, न सरकणारं. संघप्रियाच्या बोटांनी मागे यायला पाहिलं. सुंदराबाईचा हात वरून घट्ट होता. इतकी वर्षं ती यालाच अन्न घालत होती, यालाच मारत होती, याचे फोटो काढून पडद्यावर दाखवत होती. पारदर्शक पेशी, पोषणाचं स्वच्छ गुलाबी पाणी, काचेच्या आड. त्यांना ऊब होती ती मशीनची. या गाठीखाली कुणाचं तरी काळीज धडधडत होतं आणि ते तिच्या बोटांना कळत होतं.

"लिंबाएवढी होती आधी. मग सुपारीएवढी झाली," सुंदराबाई म्हणाली. "आता केवढी वाटते?"

"मला नाही सांगता येत."

"तुमी तर यातल्याच."

"मी आजवर अशी गाठ कधी हाताला लावून पाहिली नाही," संघप्रिया म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "कधीच नाही. मी नुसत्या डब्यातल्या बघते. मला खरंच काही माहीत नाही."

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या भुवया नसलेल्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते संघप्रियाला कळलं नाही. शिवरामला तिनं परोपरीनं सांगितलं होतं, आणि ती काहीतरी लपवतेय असंच त्याला वाटलं होतं. आता लपवायला तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं, आणि ते बहुधा समोरच्या बाईला दिसलं. तिनं हळूच तिचा हात सोडला, बटणं लावली.

"वाढलीय ती," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. यांना सांगितलं न्हाई मी."

सुंदराबाईनं कपाटातून हॉस्पिटलची फाईल काढली, धूळ पुसली, पिशवीत घातली. पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं आणि, सवयीनं, घासूनही ठेवलं. मग शिवरामला फोन लावला. तो बंदराच्या फाटकावर रांगेत होता; मागून इंजिनांचा आवाज येत होता. ती म्हणाली, डब्यात पोळ्या ठेवल्यात, मी मॅडमसंगं खारघरला चालले. पलीकडून तो काहीतरी बोलला. ती म्हणाली, न्हाई, कुणी दाबलेलं न्हाई, मीच चालले. पुन्हा तो काही बोलला, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसतीच इंजिनं ऐकू येत राहिली. तिनं फोन कानाशी धरून ठेवला.

पुढचं पुढे झालं. उपचार पुन्हा सुरू झाले, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरचे तपासणीचे दिवस आले, जे अजून सरलेले नाहीत. संघप्रियानं शिशाचा आकडा स्वतःच्या नावानं महापालिकेला कळवला. अरविंद सर महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. पण त्या दुपारी, उलव्याच्या रस्त्यावर रिक्षात बसताना, दोघींपैकी कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं. ऊन होतं, रस्त्यावर ट्रेलर होते, वारा रिक्षात धूळ आणत होता. संघप्रियाच्या बोटांना अजून ती खडबडीत कड जाणवत होती आणि हात कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. सुंदराबाई फाईलची पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती.

"मधीच सोडलं म्हणून डॉक्टर रागावतील का हो?" तिनं विचारलं.

"रागावतील."

"लई?"

"बहुतेक."

रिक्षा खड्ड्यातून उसळली. सुंदराबाईनं एका हातानं रुमाल सावरला.

"तुमाला बी रागावतील?"

"हो," संघप्रिया म्हणाली. "मलाही."

"मग बरंय," सुंदराबाई म्हणाली, आणि संघप्रियाला टेकता यावं म्हणून जराशी सरकून बसली.